तिसरा पाय कुणाचा?

मेंढी साधारण १४७ दिवसांनी विते, असं पुस्तकात छापलंय. त्यात चूक काही नाही. फक्त रात्री पावणेतीनला, मी हातपाय धुऊन अंथरुणात शिरल्यावर पाच मिनिटांनी विते, एवढा तपशील छापायचा राहिलाय.

मेंढी माजावर येऊन गाभण राहिली नाही, तर साधारण १७ दिवसांनी पुन्हा माजावर येते. म्हणून मेंढा दोन पाळ्यांपुरता, पस्तीसेक दिवस कळपात सोडायचा. पाच महिन्यांनी त्याचे ते पस्तीस दिवस मी फेडतो, रात्रींच्या हिशेबात. तो तेव्हा कुंपणापलीकडे डोळे मिटून रवंथ करत असतो.

लक्षणं सगळी पाठ आहेत. कास तटतटते, शेपटीच्या दोन्ही अंगांना खळगे पडतात, मेंढी कोपरा धरून खुराने जमीन उकरते. एवढं सगळं दाखवून झालं की ती थांबते. मी बसलोय तोवर थांबते. मी उठलो की मोकळी होते.

परवा मात्र काळतोंडी अर्धा तास कळा देत होती आणि बाहेर काही येईना. हाताला साबण चोळून मी मातीत आडवा झालो. सरळ येणारं कोकरू पाण्यात सूर मारल्यासारखं येतं, पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेलं नाक. माझ्या हाताला लागले तीन पाय. नाक एकही नाही.

पुढच्या पायाचे खालचे दोन सांधे एकाच बाजूला वाकतात, मागच्याचे उलटसुलट. हे मला दिवसा, उभ्या कोकरावर, छान समजतं. पण कळ आली की मेंढी हात असा आवळते की बोटं सुन्न. बाबा बॅटरी धरून उभे होते, अर्थात माझ्या तोंडावर.

"पुढचा का मागचा?"

"एक पुढचा, एक मागचा, आणि एक बहुतेक माझा अंगठा."

"नीट बघ."

बघायचं काय, कपाळ! शेवटी एक पाय धरून खांद्यापर्यंत गेलो, खांद्यावरून मानेपर्यंत, तेव्हा मागे वळलेलं डोकं सापडलं. दोन पाय ह्याचे, तिसरा उलट्या आलेल्या भावंडाचा. त्याला मागे सारलं, डोकं सरळ केलं, पहिलं ओढलं. निपचित. नाकपुडीत गवताची काडी फिरवली तेव्हा शिंकलं, तेही माझ्या तोंडावर. दुसऱ्याला लगेच काढलं, कारण उलटं येताना नाळ दबते.

बेंब्यांना आयोडीन लावलं. आता तासा-दोन तासांत चीक पोटात जायला हवा. सड सोडून दोघांनी सगळं चोखून पाहिलं: आईचा गुडघा, भिंत, बाबांची विजार. अखेर एकाची शेपूट थरथरली, म्हणजे लागलं.

मेंढी आपलं पोर ओळखते ती वासावर. माझ्या बाहीला खांद्यापर्यंत तोच वास. मी उठणार, तोच काळतोंडीने माझा कोपर चाटायला घेतला, तोंड मिटून, घशातल्या घशात हुंकारत. हात काढला की खूर आपटायची. तिच्या हिशेबी तिळं झालं होतं. तिसरं जरा थोराड होतं, इतकंच.

बाबांनी बॅटरी विझवली. "तुला लावून घेतलंय तिने," म्हणाले, आणि झोपायला निघून गेले.