द्वेष्टे न ठरता धर्मावर टीका कशी करावी

धर्माबद्दल चार शब्द बोलायची खुमखुमी तुम्हालाही अधूनमधून येत असेल, तर या सूचना कापून फ्रिजवर चिकटवून ठेवा. मला त्या जरा उशिरा सुचल्या. रथसप्तमीच्या आधीच्या शनिवारी आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये हळदीकुंकू झालं. दोन किलो तिळाचे लाडू पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी वळले होते. पाक गरम असतानाच वळावे लागतात, त्यामुळे त्यांचे तळवे लालबुंद झालेले. दाराशी उभ्या राहून त्या प्रत्येकीच्या हातावर लाडू ठेवत होत्या. कुंकवाचं तबक घेऊन एक जण रांगेतून निघाली, काकूंपाशी आली, जरा थबकली आणि पलीकडच्या कपाळाकडे वळली. काकांना जाऊन दोन वर्षं झाली ना! म्हणजे लाडू चालतात, कपाळ चालत नाही.

रात्री मी ग्रुपवर एवढंच लिहिलं, की जो धर्म हे करायला लावतो तो इथे चुकतो. अकरा मिनिटांत मी हिंदुद्वेष्टी झाले. रांगेत बसून कुंकू लावून घेतलेली हिंदुद्वेष्टी.

तेव्हा पहिली सूचना : 'धर्म' म्हणू नका, 'रूढी' म्हणा. चांगलं निघालं तर तो धर्म, वाईट निघालं तर ती रूढी, हा हिशोब एकदा जमला की जन्मभर पुरतो. आणि रूढी बदलायला तर सगळे तयारच असतात, फक्त यंदा नको. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला आणि सरकारनेही त्याच महिन्यात बाकीच्या गावांना हा कित्ता गिरवायला सांगितलं. पण ते पडलं गाव. आमची सोसायटी शहरातली, तिला दोन लिफ्ट आहेत.

दुसरी सूचना : आपल्या धर्माबद्दल बोलायच्या आधी त्यांच्या धर्माबद्दल बोलून घ्या. 'तिकडे बोलायची हिंमत आहे का?' हा प्रश्न मला त्या रात्री सात जणांनी विचारला. आहे ना. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी दाखवली होती. 1966 मध्ये तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध सात मुस्लिम बायकांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधिमंडळावर नेला. 1970 मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, नावसुद्धा फुल्यांच्या सत्यशोधक समाजावरून. त्यांच्यातले लोक त्यांना इस्लामचा शत्रू म्हणाले आणि आपल्यातल्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला काय जातं? तेच दलवाई आज आमच्या बी विंगमध्ये भाड्याने फ्लॅट बघायला आले असते, तर नाव ऐकून एजंटने फोन ठेवला असता. हे मी हवेत बोलत नाहीये, पुढे येतेच त्यावर.

तिसरी सूचना : कलम तोंडपाठ ठेवा, पण अर्धंच. 'भावना दुखावल्या' एवढं लक्षात ठेवायचं, 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने' हे शब्द गाळायचे.

धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं हे 295-अ कलम 1927 मध्ये दंड संहितेत आलं (आता भारतीय न्याय संहितेत 299). त्याच वर्षी 25 डिसेंबरला बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली. ती जाळण्याचा ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्ध्यांनी, म्हणजे जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाने. आमच्या ग्रुपच्या हिशोबाने तेही ब्राह्मणद्वेष्टेच ठरले असते. अकरा मिनिटंसुद्धा लागली नसती.

चौथी सूचना सगळ्यात खात्रीची. टीका करायची असेल तर आधी मरा. पुण्याच्या सनातन्यांनी आगरकरांची ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली. आज त्यांच्या नावाच्या शाळेत आपण मुलं घालतो. फुल्यांचं तेच. हयात असेतोवर धर्मबुडवे, एकदा तसबीर झाली की हार घालायला...

नाही, हा विनोद मागे घेते. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉक्टर दाभोलकरांना पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या. आमचा विरोध देवाधर्माला नाही, शोषणाला आहे, हे त्या माणसाने जाहीर सभांतून किती वर्षं सांगावं? त्यांनी मागितलेला जादूटोणाविरोधी कायदा वर्षानुवर्षं रखडला होता. खून झाल्यावर आठवड्याच्या आत वटहुकूम निघाला. माझं काय, मला फक्त ग्रुपमधून काढलं.

पाचवी सूचना : मनात खरोखरच द्वेष असेल, तर मात्र काळजीचं कारण नाही. त्याला 'नियम' म्हणा.

हळदीकुंकवानंतर तीन आठवड्यांनी बी विंगमधला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघायला एक जोडपं आलं. दोघं नोकरी करणारी, कडेवर पोर. पार्किंग बघितलं, पाण्याचं विचारलं, मुलीने झोपाळा बघितला आणि तिथून निघेना. डिपॉझिटपर्यंत बोलणी आली. मग अध्यक्षांनी नाव विचारलं. 'आमच्याकडे जरा फॅमिली टाइप लोक आहेत हो,' असं म्हणाले. झोपाळ्यावरच्या पोरीकडे बघत म्हणाले! त्या गृहस्थाने वाद घातला नाही. मुलीला झोपाळ्यावरून उतरवलं, ती रडली, आणि ते गेले. ग्रुपवर रात्री निरोप आला : 'विषय मिटला.' खाली हात जोडलेले तेवीस. (शेजारणीने मोबाइल दाखवला म्हणून कळलं.)

या वेळी कुणाला 'द्वेष' हा शब्द आठवला नाही. त्यांच्या धर्मात काय चुकतं ते सांगा, मी ऐकते, मीही चार गोष्टी सांगेन. पण झोपाळ्यावरच्या त्या पोरीने कुठला धर्म चालवला होता? धर्माला प्रश्न विचारला तर त्याचं काय बिघडतं? त्याला घर भाड्याने घ्यायचं नसतं, पोर शाळेत घालायचं नसतं. माणसाला असतं. एका वाक्याने तुमचा हजारो वर्षांचा धर्म धोक्यात येतो आणि एक कुटुंब दारातून हाकललं तरी तुमच्या भावनांना ओरखडा उठत नाही? कसल्या भावना आहेत या? आणि तबक घेऊन फिरणाऱ्या बाई, तुम्ही काकूंच्या लाडवांतले तीन खाल्लेत, मी मोजलेत.

काकूंचा स्टीलचा मोठा डबा अजून क्लब हाऊसच्या ओट्यावर पडलाय, तळाशी तीळ चिकटलेले. कमिटीने निदान तो तरी घासून परत द्यावा.