नुसता दुष्काळ नव्हे, मॅलीची खोडंही

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या गहू वसाहतकऱ्यांना दुष्काळाने बुडवलं, असं एका लेखात म्हटलंय. अर्धंच खरं. पाऊस रुसण्याआधी जमीन हातात यायची होती, आणि तिथे मॅली आडवी आली.

मॅली हे बुटकं, बहुखोडी निलगिरीचं झाड. जमिनीलगत मोठा लाकडी गड्डा असतो, त्यात सुप्त डोळे आणि साठवलेलं अन्न. वरून तोडलं की तिथूनच पुन्हा फुटवे. म्हणून बैल किंवा घोडे जुंपून जड रोलर फिरवायचा, झुडपं आडवी करून वाळवायची, उन्हाळ्यात पेटवायची. मग खोडांमधूनच गहू पेरायचा. कापणीनंतर धसकटं पुन्हा जाळायची, म्हणजे नवे फुटवे करपतात. यासाठी धसकट दाट हवं. पीक विरळ आलं तर आग पसरत नाही आणि मॅली पुन्हा वर येते. हे एका वर्षाचं काम नाही.

साधा नांगर गड्ड्यात अडकून मोडायचा. 1876 च्या सुमारास रिचर्ड बॉयर स्मिथ यांनी यॉर्क द्वीपकल्पात खोड ओलांडणारा नांगर काढला. प्रत्येक फाळ बिजागरीवर. अडथळा आला की वर उचलला जातो, पुढे गेला की वजनाने परत रुततो. नांगरट थोडी ओबडधोबड होते, पण फाळ वाचतो.

पावसाचं म्हणाल तर, वसाहतीचे सर्व्हेअर जनरल (भूमापन प्रमुख) गॉयडर यांनी 1865 मध्येच भरवशाच्या शेतीची सीमारेषा आखली होती. 1870 च्या दशकात चांगला पाऊस झाला, सरकारने रेषेपलीकडची जमीनही विकली, आणि 1880 नंतर पाऊस रुसला तशी तिथली गावं ओस पडू लागली. दोष आभाळाला देणं सोपं, हो ना?