चीनला रोखायला बदलले म्हणे टीटीचे नियम!

पाऊस लागला, मैदानं बंद पडली की अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत सभागृहांतली टीटीची टेबलं उघडली जातात. त्याच सुमारास ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरू लागतो: "टेबल टेनिसचे नियम फक्त चीनला रोखायला आणि नवा माल खपवायला बदलतात. गावच्या स्पर्धेत त्यांची गरज नाही." दोनच वाक्यं, पण तिन्ही मुद्दे कच्चे.

"चीनला रोखायला." 1936 साली प्रागच्या जागतिक स्पर्धेत एर्लिख आणि पानेथ या दोन खेळाडूंचा पहिलाच पॉइंट दोन तासांहून जास्त चालला. दोघंही नुसता चेंडू परतवत बसले होते. त्यानंतर नेट सुमारे 17 सेंटीमीटरवरून 15.25 वर आलं, म्हणजे आक्रमण करणाऱ्याला वाव मिळाला. 1952 साली आपल्या मुंबईतच जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन उतरला. फटक्याचा आवाजच येईना, समोरच्याला वेग कळेना, आणि सातो जगज्जेता झाला. 1959 मध्ये स्पंज आणि रबर मिळून, डिंकासकट, 4 मिलिमीटरची मर्यादा आली. चीन आंतरराष्ट्रीय महासंघात आला तोच 1953 साली. मग प्रागनंतरचं नेट कोणाला रोखायला खाली आणलं?

आता अलीकडचं. 2000च्या ऑक्टोबरपासून 38 मिलिमीटरचा बॉल 40चा झाला, 2001 पासून गेम 21 ऐवजी 11 पॉइंटचा, सर्व्हिस पाच-पाच ऐवजी दोन-दोन. चीन थांबला का? 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये चारही सुवर्णं त्यांची, 2024 मध्ये पॅरिसला पाचही. एक मात्र मान्य: बीजिंगमध्ये एकेरीची सहाही पदकं चीनने नेल्यावर ऑलिंपिक एकेरीत एका देशाचे दोनच खेळाडू, अशी मर्यादा आली. पण तो प्रवेशाचा नियम झाला, खेळाचा नव्हे.

खरं कारण बहुतेक वेळा एकच असतं: समोरच्याला चेंडू वाचताच आला नाही, की रॅली मरते आणि बघणाराही उठून जातो. बॅटच्या दोन्ही बाजू एकाच रंगाच्या, पण रबरं वेगवेगळी असायची, तेव्हा कुठल्या बाजूने फटका बसला हेच कळत नसे. म्हणून 1980च्या दशकात दोन रंग आले. 2002 पासून सर्व्हिस अंगाआड किंवा हाताआड लपवणं बंद झालं, तेही याचसाठी.

"नवा माल खपवायला." बॉल 2 मिलिमीटरने वाढला की समोरून हवेला अडणारं क्षेत्रफळ साधारण 11 टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे वेग आणि फिरकी थोडी मरते; बदलाचा हेतू तोच होता. 2014 मध्ये बॉलचं सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिक येण्यामागे सेल्युलॉइड झटकन पेटतं, त्याची ने-आण धोक्याची, हे मोठं कारण होतं. कंपन्यांनी त्यावर धंदा केला, ते खरंच. पण बॉल बदलला म्हणून जुनी बॅट कोणी बाद ठरवली नाही. रबर बॅटला चिकटवून फटक्याचा वेग वाढवणारा डिंक, म्हणजे स्पीड ग्लू, 2008 मध्ये गेला तो त्यातल्या विषारी वाफांमुळे.

त्या बंदीचा त्रास कोकणात वेगळाच होतो. त्याच्या जागी आलेला पाण्याचा डिंक जुलैच्या दमट हवेत लवकर सुकत नाही. पांढरा थर पूर्ण पारदर्शक व्हायच्या आत रबर दाबलं, की मध्ये फुगे राहतात आणि कडा सुटतात. पंख्याखाली ठेवा, घाई करू नका.

"गावच्या स्पर्धेत गरज नाही." आयोजक हवं ते करू शकतात, पण जिल्ह्याला गेलेल्या पोरांचे पॉइंट मग सर्व्हिसवर जातात. चेंडू उघड्या तळव्यावर, टेबलाच्या पातळीपेक्षा वर, मागच्या कडेच्या बाहेर. तळव्यातून सुटल्यावर किमान 16 सेंटीमीटर सरळ वर, आणि खाली येतानाच मारायचा. मोजपट्टी शोधू नका, नेटच्या उंचीपेक्षा किंचित जास्त, एवढं डोळ्याला पुरतं. उडवल्याबरोबर मोकळा हात चेंडू आणि नेट यांच्यामधून बाजूला घ्यायचा. शंका आली तर अंपायर पहिल्यांदा लेट (म्हणजे पॉइंट पुन्हा खेळायचा) देऊन ताकीद देतो. त्याच सामन्यात पुन्हा शंका आली, तर पॉइंट थेट समोरच्याला.

आणि नियमांवर वाद घालण्याआधी टेबल तपासा. 30 सेंटीमीटरवरून सोडलेला बॉल साधारण 23 सेंटीमीटर उसळायला हवा, सगळीकडे सारखा. दमटपणाने फुगलेल्या प्लायवर एका कोपऱ्यात तो बसतोच.