चार पानांची घटना, २७ दुरुस्त्या आणि एक फॉरवर्ड

२६ जानेवारी जवळ आला की हा मेसेज हमखास फिरतो: "अमेरिकेची राज्यघटना अवघी चार पानांची. सव्वादोनशे वर्षांत दुरुस्त्या फक्त २७. कारण तिथल्या संस्थापकांनी एकमुखाने, सर्वांना समान मानून, पहिल्याच फटक्यात अचूक घटना लिहिली. आपली एवढी जाडजूड, तरी शंभरावर ठिगळं!" आकड्यांशी माझं भांडण नाही. 'कारण'पासून पुढची सगळी गडबड आहे.

पहिला फटका तर हा नव्हताच. १७८१ पासून तिथे राज्याराज्यांमधला एक वेगळाच करारनामा लागू होता. तो बदलायला तेराही राज्यांची संमती लागे, त्यामुळे तो जागचा हलेना. १७८७च्या उन्हाळ्यात राज्यांचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले ते तो दुरुस्त करायला, आणि त्यातून ही घटना निघाली.

आणि एकमुखाने? ५५ जण आले, सह्या ३९ जणांनी केल्या. ऱ्होड आयलंडने माणूसच पाठवला नाही. जॉर्ज मेसन, एडमंड रँडॉल्फ आणि एल्ब्रिज गेरी शेवटच्या दिवशी समोर बसले होते, तरी सही करेनात. मेसनचा मुख्य आक्षेप असा की, यात नागरिकांच्या हक्कांची सनदच नाही. १२ सप्टेंबरला त्याने आणि गेरीने हा विषय काढला, तर एकाही राज्याने बाजूने मत दिलं नाही. पुढे राज्याराज्यांत मंजुरीची वेळ आली तेव्हा हाच मुद्दा अंगाशी आला. व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७, ऱ्होड आयलंडमध्ये तर १७९० साली ३४ विरुद्ध ३२. हक्कांचं आश्वासन द्यावंच लागलं. २७ पैकी पहिल्या १० दुरुस्त्या १७९१ मध्येच झाल्या, त्या यामुळे.

सगळी माणसं समान, हे वाक्य १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं. घटनेत ते नाही. घटनेत काय होतं? राज्याचे प्रतिनिधी किती हे ठरवताना पाच गुलामांची गणती तीन माणसांइतकी. १८०८ पर्यंत गुलामांच्या आयातीवर बंदी नाही. पळालेला गुलाम मालकाला परत. कायद्याचं समान संरक्षण आलं १८६८ साली, यादवी युद्धानंतर. लिंगावरून मताधिकार नाकारता येणार नाही, हे १९२० साली.

दुरुस्त्या कमी, कारण कुलूप जबर. काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं, वर तीन चतुर्थांश राज्यांची मंजुरी. सत्ताविसावी दुरुस्ती, खासदारांच्या पगाराबद्दलची, १७८९ साली निघाली आणि १९९२ साली पोहोचली! आपल्याकडे बहुतेक दुरुस्त्या संसदेतच होतात; राज्यांची संमती ठरावीक बाबींनाच लागते.

जाडीचं म्हणाल, तर तिथे प्रत्येक राज्याची घटना वेगळी. एकट्या अलाबामाच्या १९०१च्या घटनेला ९०० हून अधिक दुरुस्त्या झाल्या. आपली घटना राज्यांचा कारभारही पोटात घेते. हा फरक डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणातच सांगितलाय, पण फॉरवर्ड करणाऱ्यांना तेवढा वेळ कुठला.

राहिला संस्थापकांचा 'अचूक'पणा. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा जेफरसन फिलाडेल्फियाच्या अधिवेशनाला नव्हताच, तो तेव्हा पॅरिसमध्ये होता. तिथूनच १७८९ साली त्याने घटनेचा प्रमुख शिल्पकार मॅडिसन याला लिहिलं की कोणतीही घटना १९ वर्षांनी आपोआप संपायला हवी. प्रत्येक पिढी म्हणजे जणू वेगळं राष्ट्र, हा त्याचाच विचार. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी तो संविधान सभेत मांडला, तो आपली घटना बदलायला तुलनेने सोपी का ठेवली हे सांगताना.