न वाचता साहित्य आढावा कसा लिहावा

प्रबंधातलं दुसरं प्रकरण, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, कोणी वाचत नाही. मार्गदर्शक त्याची पानं मोजतात, परीक्षक त्यात स्वतःचं नाव शोधतात आणि ग्रंथालय ते जपून ठेवतं. अशा वेळी ते लिहिण्यासाठी तुम्ही एकट्यानेच वाचत बसणं हा बाकीच्यांचा अपमान आहे.

आधी शोध. समजा विषय आहे रात्रपाळी आणि परिचारिकांची झोप. प्रबंधाचं अख्खं शीर्षक उचलून गूगल स्कॉलरमध्ये, म्हणजे गूगलच्या शोधनिबंध शोधायच्या खिडकीत, टाका आणि पहिल्या पानावर जे दहा पेपर येतील त्यांना 'उपलब्ध साहित्य' म्हणा. सायटेशन जास्त असलेले पेपर तिथे वर तरंगतात, म्हणजे सगळ्यांनी जे आधीच उद्धृत केलंय तेच तुम्हालाही मिळतं आणि मतभेदाचा प्रश्न मिटतो. कोणी शहाणा सांगेल, 'नाइट शिफ्ट' आणि 'शिफ्ट वर्क' 'ऑर'ने जोडा, 'स्लीप' आणि 'इन्सोम्निया'चंही तसंच करा, दोन्ही गट कंसात घाला आणि मध्ये 'ॲन्ड' टाका. नका टाकू. अशाने तुमच्याच विषयावर वेगळ्या शब्दांत लिहिलेले पेपर सापडतात, आणि एकदा सापडले की 'यावर काहीच काम झालेलं नाही' हे वाक्य हातचं जातं. 'नर्स'चं इंग्रजी स्पेलिंग शेवटच्या अक्षराआधी तोडून पुढे तारांकन दिलं की नर्स, नर्सेस, नर्सिंग सगळं एकदम येतं खरं. पण त्याच दारातून नर्सरीही आत शिरते. मग ती निवडून बाहेर काढायला शीर्षकं वाचावी लागतात. सवय अशीच लागते.

कुठल्या डेटाबेसमध्ये, कुठल्या तारखेला, कुठले शब्द घालून शोधलं आणि किती पेपर आले, याची नोंद चुकूनही ठेवू नका. नोंद असली की दुसऱ्या कोणालाही तोच शोध पुन्हा करून पाहता येतो.

मार्गदर्शक 'पद्धतशीर आढावा' म्हणून अडून बसले तर मात्र प्रिझ्माला, म्हणजे असा आढावा कसा मांडावा हे सांगणाऱ्या नियमावलीला, सामोरं जावं लागेल. त्याच्या २०२०च्या आवृत्तीत २७ मुद्द्यांची यादी आहे आणि सोबत किती पेपर आले, किती गळले हे दाखवणारी आकृती. ही आकृती नेहमी खालून वर काढावी. शेवटच्या चौकटीत ४२ लिहा. त्यावर ७६ 'निकषात न बसल्याने वगळले', म्हणजे पूर्ण वाचले ११८. शीर्षक-सारांश पाहून ५२२ बाद, म्हणजे चाळले ६४०. दुहेरी नोंदी १७२, एकूण ८१२. बेरीज-वजाबाकी चोख जमते. फक्त एक चौकट लोकांना दगा देते: 'पूर्ण मजकूर मिळाला नाही'. तिथे शून्य लिहू नका. ज्याने खरंच पेपर गोळा केलेत त्याचे पाच-सात तरी कधीच हाती लागत नाहीत. तेव्हा तिथे ६ लिहा आणि वरचे सगळे आकडे पुन्हा जुळवा. त्या ७६ची कारणवार विभागणीही द्यावी लागते, हे बहुतेकांना आदल्या रात्री कळतं.

आता वाचन. पेपरमधलं फक्त सारांशाचं शेवटचं वाक्य वाचावं. पद्धतीचा भाग उघडला तर तिथे नमुना २३ जणांचा निघतो, मर्यादांचा भाग उघडला तर लेखकच म्हणतात की निष्कर्ष जपून वापरा. त्याहून सोपं म्हणजे मूळ पेपर उघडूच नये. दुसऱ्याच्या आढाव्यातलं वाक्य आणि त्यापुढचा संदर्भाचा कंस दोन्ही उचलावेत. या मार्गाला मोठी परंपरा आहे. १९८० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं: रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामकं दिलेल्या रुग्णांमध्ये व्यसन क्वचितच आढळलं. २०१७ साली त्याच जर्नलमध्ये हिशोब आला, तेव्हा हे पत्र ६०८ वेळा उद्धृत झालेलं होतं. त्यातल्या सुमारे ७२ टक्के लेखकांनी ते 'व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून वापरलं होतं, आणि रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सुमारे ८१ टक्क्यांनी सांगितलंच नव्हतं. पाच वाक्यं होती हो!

मूळ पेपर अस्तित्वात असायलाच हवा असंही नाही. संदर्भ कसा लिहावा हे दाखवायला एल्सव्हियरने लेखकांच्या साच्यात वैज्ञानिक लेख लिहिण्याच्या कलेवरचा एक काल्पनिक पेपर नमुना म्हणून टाकला होता. साचा भरताना तो पुसायचं राहून गेलं आणि तो शेकडो वेळा 'उद्धृत' झाला. हल्ली हे काम चॅटबॉट करतो: लेखक खरा, जर्नल खरं, वर्षही पटण्यासारखं, पेपर तेवढा नाही. डीओआयवर, म्हणजे पेपरच्या कायमच्या ऑनलाइन क्रमांकावर, टिचकी मारू नका. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरपासूनही लांब राहा, मागे घेतलेल्या पेपरवर ते लाल पट्टी दाखवतं.

लिहिताना एका पेपरला एक परिच्छेद द्या आणि परिच्छेद सालवार लावा. 'अमुक (२०११) यांनी अभ्यास केला. तमुक (२०१४) यांनीही अभ्यास केला.' 'म्हणतात', 'नमूद करतात', 'अधोरेखित करतात', 'प्रतिपादन करतात' ही क्रियापदं फिरती ठेवा, पंधरा पानं निघतात. तक्ता मात्र करू नका. एका ओळीत एक पेपर आणि पुढच्या रकान्यांत नमुना, मोजण्याची पद्धत, निष्कर्ष, मर्यादा असं मांडलं की पेपर एकमेकांशी बोलायला लागतात. एकाने झोप प्रश्नावलीत विचारून मोजलेली असते, दुसऱ्याने मनगटावर यंत्र बांधून, म्हणून तास जुळत नाहीत, हे तक्त्यात ढळढळीत दिसतं. दिसलं की त्यावर स्वतःचं मत लिहावं लागतं. मत आलं की तोंडी परीक्षेत प्रश्न आला.

राहिली 'संशोधनातील पोकळी'. ती आढाव्यातून निघते असं पुस्तकात लिहिलेलं असतं. व्यवहारात आधी माहिती गोळा करावी, निष्कर्ष काढावेत आणि मग दुसरं प्रकरण लिहावं, म्हणजे पोकळी तुमच्या कामाच्या बरोबर मापाची निघते. रात्रपाळीवर ढिगाने काम झालंय? मग अतिदक्षता विभागातली रात्रपाळी घ्या. तेही झालंय? सलग तीन रात्री, वय २८ ते ३४, अविवाहित. कुठे ना कुठे जग संपतंच. हा गट आजवर कोणी का अभ्यासला नाही, याचं कारण सहसा अभ्यासण्यासारखं काही नव्हतं हे असतं. ते लिहायची गरज नाही.

पुढे याच प्रकरणाचा पेपर करून जर्नलला पाठवाल, तेव्हा रिव्ह्यूअर कळवेल की चार महत्त्वाचे संदर्भ राहून गेलेत. चारही एकाच लेखकाचे असतील. तो लेखक कोण, हे विचारू नका. कुठल्या वाक्याला जोडायचे हेही विचारू नका. प्रस्तावनेत 'या विषयावर विपुल संशोधन झाले आहे' असं एक वाक्य तुम्ही लिहिलेलं असणारच. चारही कंस त्याच्यामागे लावून द्या.