ओ भाऊ, सरका ना जरा

आमच्या भागात चालायला एक ट्रॅक आहे. नेमका कुठं ते सांगत नाही, आधीच गर्दी काही कमी नाही. सेमिनरी हिल्स, फुटाळा आणि अंबाझरी या तिघांच्या मध्ये कुठंतरी आहे, एवढं पुरे. थोडा चढ, थोडा उतार, कडुलिंबाची झाडं, पहाटे मोरांचं ओरडणं आणि गोल फिरून पुन्हा फाटकाशी येणारी, जेमतेम आठ फूट रुंद वाट. फाटकावर पाटी आहे: ‘हा मार्ग चालणे, धावणे व सायकल यांसाठी आहे.’ खाली तिघांची चित्रं. चित्रातले तिघंही एकाच दिशेनं, एकमेकांपासून सारखं अंतर ठेवून आणि तोंडातून शब्द न काढता चालले आहेत. चित्रकार नागपूरचा नसावा.

माणूस भरभर चालला तर ताशी पाच-सहा किलोमीटर जातो. धावणारा नऊ-दहा. सायकलवाला फारसा दम न लागता वीस. शाळेत गणितं असायची, ‘ब हा अ ला किती वेळात गाठेल?’ आमच्या ट्रॅकवर याचं उत्तर एकच: गाठणार नाही. कारण ब आणि अ यांच्या मध्ये चार जण शेजारी शेजारी चालून राहिले असतात.

हे चौघं म्हणजे ट्रॅकचे खरे मालक. निवृत्त आहेत, पांढरेशुभ्र बूट आहेत, आणि आठ फुटांत चार माणसं अगदी मापात बसतात. त्यांचा वेग पायांवर ठरत नाही, विषयावर ठरतो. विषय मेट्रोचा असेल तर बरे चालतात. कोणाच्या तरी मुलानं पुण्यात फ्लॅट घेतला असेल तर चाल मंदावते. आणि फ्लॅटची किंमत सांगायची वेळ आली की चौघंही थांबतात. महत्त्वाचं वाक्य चालता चालता बोलायची आपल्याकडे पद्धत नाही.

अशा वेळी मागून सायकलची घंटी वाजली तर काय होतं ते बघण्यासारखं असतं. दोघं डावीकडे होतात, दोघं उजवीकडे. मधून वाट मोकळी होते. सायकलवाला पॅडल मारतो. तेवढ्यात उजवीकडच्या एकाच्या लक्षात येतं, की आपण जी गोष्ट सांगत होतो ती डावीकडच्याला सांगत होतो. तो गोष्ट पूर्ण करायला रस्ता ओलांडतो. सायकलवाला ब्रेक मारतो. मग चौघं मिळून त्याच्याकडे बघतात आणि एक जण म्हणतो, “काऊन बे, एवढी घाई कायची आहे?”

आता या प्रश्नाला ताशी वीसच्या वेगानं काय उत्तर देणार?

मी चालणाऱ्यांच्या गटातला. डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाला. जागतिक आरोग्य संघटनाही निदान तेवढं चाला म्हणते, म्हणजे पळवाट नाही. भरभर म्हणजे किती, तर चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये. ही कसोटी ज्यांनी काढली त्यांनी आमचा ट्रॅक पाहिलेला नाही. इथं गाणारेही आहेत. एक काका खिशातल्या मोबाइलवर जुनी हिंदी गाणी लावतात आणि गायकाच्या अर्धी ओळ मागं राहून स्वतः गातात, चढावरसुद्धा. वैद्यकशास्त्राप्रमाणे ते चालतच नाहीत. प्रत्यक्षात ते मला रोज मागं टाकून जातात.

मला भरभर चालता येत नाही याला माझे पाय जबाबदार नाहीत, ओळखी आहेत. पन्नास पावलं गेलो की कोणी तरी भेटतंच.

“कुठं जाऊन राहिले?”

“चालून राहिलो.”

“हाव का? आज उशीर केला.”

“रविवार आहे ना.”

“हो बाप्पा. बरं, त्या तुमच्या साळ्याचं काय झालं?”

साळ्याचं काय झालं ते सांगायला बारा मिनिटं लागतात. ती १५० मधून वजा करायची की त्यात धरायची, हे डॉक्टरांना विचारायचं राहिलं आहे.

आमच्या घरचं माणूसही याच ट्रॅकवर येतं, पण माझ्याबरोबर नाही. तिचा सहा जणींचा ग्रुप आहे. त्या सांबारवडीच्या सारणात खसखस किती घालायची यावर भांडत भांडत माझ्या शेजारून निघून जातात, आणि मी साळ्याच्या प्रकरणातून सुटेपर्यंत पूर्ण फेरी मारून पुन्हा मागून येतात. दुसऱ्यांदा जाताना ती माझ्याकडे बघते. तीस वर्षांच्या संसारात त्या नजरेचे अनेक अर्थ मी पाहिलेत. ट्रॅकवर तिचा एकच असतो: ‘अजून इथंच?’

हल्ली सगळ्यांच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आलं आहे. रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत. हा आकडा कोण्या डॉक्टरनं शोधलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते, आणि तिथून ते जगाच्या मानगुटीवर बसले. ही माहिती मी ट्रॅकवर एकदा दिली. कोणालाच आवडली नाही. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका मात्र निर्धास्त होते. त्यांच्या घड्याळात आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त पावलं असतात. ते बाकावर बसून बोलतात, पण हातवारे फार करतात.

सायकलवाल्यांत दोन जाती. पहिली हेल्मेट, काळा चष्मा आणि अंगाला चिकटलेले चमकदार कपडे घालून येणारी. त्यांच्या सायकली माझ्या स्कूटरपेक्षा महाग आणि माझ्या पिशवीपेक्षा हलक्या. वारा कापता यावा म्हणून ते वाकून चालवतात. आमच्या ट्रॅकवर वाऱ्याआधी माणसं कापावी लागतात, म्हणून त्यांचा जास्त वेळ एक पाय जमिनीवर टेकवून उभं राहण्यात जातो.

दुसऱ्या जातीत एकच माणूस आहे. जवळच्या एका इमारतीवर रात्रपाळी करून सकाळी घरी जाणारा चौकीदार. काळी, दांडीवाली अ‍ॅटलास, हँडलला डबा. या कंपनीचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद पडला तो ३ जून २०२० ला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनालाच; पण त्याच्या सायकलीला हे कोणी कळवलेलं दिसत नाही. घंटी नाही, ब्रेकचं नक्की नाही. तो नुसतं “ओ भाऊ, सरका ना जरा” म्हणतो, आणि ती चौकडी चक्क एका ओळीत होते. मला वाटतं, ट्रॅकवर खरोखर कुठं तरी जायला निघालेला तो एकटाच माणूस आहे, हे त्याच्या आवाजात कळत असावं.

कुत्र्यांबद्दल थोडक्यात. मालक वाटेच्या डाव्या कडेला मोबाइलवर, कुत्रा उजव्या कडेच्या गवतात, आणि पट्टा दोघांच्या मध्ये गुडघ्याच्या उंचीवर. यात कुत्र्याचा काही दोष नाही.

ऋतूप्रमाणे ट्रॅकचं वेळापत्रक बदलतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की लोक अंधारातच यायला लागतात, आणि नवतपा लागला की सूर्य उगवायच्या आत घरी पोचायची शर्यत असते. हीच माणसं जानेवारीत कानटोपी, मफलर, स्वेटर, वरून जाकीट घालून सात वाजता फाटकाशी उभी राहतात आणि आत जायचं की नाही यावर विचार करतात. फाटकाशी कारल्याचा, आवळ्याचा आणि दुधीचा रस मिळतो. रस पिताना जी तोंडं होतात ती दुरुस्त करायला पलीकडे तर्री पोहे मिळतात.

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन आलं की मुंबईची मंडळी ट्रॅकवर दिसतात. १९५३ च्या नागपूर करारानं विदर्भाला काय दिलं यावर आमच्याकडे दररोज वाद होतो. मला विचाराल तर त्यानं दरवर्षी काही दिवस आम्हाला वेगानं चालणारी माणसं दिली. आठ बाराची लोकल निसटतेय अशी ती चालतात. कोणाशी बोलत नाहीत, थांबत नाहीत, साळ्याची चौकशी करत नाहीत. चौकडी त्यांच्याकडे काळजीनं बघते. “बिचाऱ्याले इथं कोणी ओळखतच नाही बाप्पा,” असं एक जण म्हणालाही.

धावणाऱ्यांत मॅरेथॉनवाले आहेत, मागच्या मॅरेथॉनचा टी-शर्ट घालून पुढच्या मॅरेथॉनबद्दल बोलणारे. पण माझ्या मते या वाटेवर पहिला हक्क पोलीस भरतीच्या पोरापोरींचा. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. सेकंदावर गुण जातात. गावाकडून येऊन खोली करून राहिलेली ही पोरं झिजलेल्या बुटांनी धावतात, हातात स्टॉपवॉच आणि समोर फ्लॅटच्या किमतीपाशी थांबलेले चौघं.

मागच्या महिन्यात एका सायकलचा आणि एका लॅब्राडॉरच्या पट्ट्याचा संबंध आला. कोणाला लागलं नाही, पण नियम पाहिजेत असं ठरलं. रविवारी सकाळी बैठक. जागा: वळणावरचं वडाचं झाड. वीस-पंचवीस जण जमले आणि सगळ्यांना सगळं ऐकू यावं म्हणून गोल करून, वाटेच्या मधोमध उभे राहिले.

पहिला मुद्दा, सगळ्यांनी एकाच दिशेनं फिरायचं. एकमतानं मंजूर. दुसरा मुद्दा, कोणत्या.

पोस्टातले काका म्हणाले, प्रदक्षिणा घालतो तसं, घड्याळाच्या काट्याप्रमाणे. पीटीचे निवृत्त सर उसळले. जगात सगळीकडे धावपटू उलट्या दिशेनं धावतात, आतली बाजू डाव्या हाताला, ऑलिम्पिकमध्येही. काकांनी मोबाइल काढला, पाच मिनिटं शोधलं आणि वाचून दाखवलं की १८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये काट्याप्रमाणेच धावले होते. सर म्हणाले, मग नंतर सुधारले ना! यावर कोणी तरी विचारलं की काट्याप्रमाणे म्हणजे इथून वडाकडून की फाटकाकडून. घड्याळात बघू म्हणून सगळ्यांनी मनगटं वर केली. सगळ्यांना पावलं दिसली, नाडीचे ठोके दिसले, काटा एकाच्याही घड्याळात नव्हता.

मग मतदान घ्यावं असं ठरलं. मतदान हात वर करून की चिठ्ठीनं, यावर दोन गट पडले. एका बाजूला तीन महागड्या सायकली उभ्या होत्या, एक पाय जमिनीवर. एवढ्यात वळणावरून एक पोरगी धावत आली. घामानं चिंब, मुठीत स्टॉपवॉच. भिंतीसारख्या उभ्या माणसांसमोर ती थबकली आणि जागच्या जागी पाय हलवत म्हणाली, “काका, कोणत्या बाजूनं जाऊ?”

“तेच तर ठरवून राहिलो बेटा,” पीटीचे सर म्हणाले. “दोन मिनिटं थांब.”