पेढे वाटून झाल्यावर

सीईटीचा निकाल लागला, मला ८१ पर्सेंटाइल मिळाले आणि मी नीट रडायला बसायच्या आतच सासूबाईंनी पेढे आणवले. "सूनबाईला ८१ टक्के पडले! वकिलीच्या परीक्षेत!" मजल्यावरच्या प्रत्येक दाराशी त्या गुडघेदुखी विसरून स्वतः जाऊन आल्या. आता जिच्या नावाने अख्खा मजला तोंड गोड करून बसलाय, त्या बाईने 'मी पुढच्या वर्षी परत बसू का?' असं कोणत्या तोंडाने विचारायचं?

मुळात बावन्नाव्या वर्षी मला वकिलीची हुक्की आली ती सासूबाईंमुळेच. गावाकडे त्यांच्या नावावर बांधाचा एक दावा आहे. तो लागला तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. आमचे वकीलसाहेब फोन उचलत नाहीत आणि उचललाच तर "पुढची तारीख कळवतो" म्हणून ठेवतात. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर मी म्हटलं, आपणच शिकू. पदवी होती, तीन वर्षांच्या एलएलबीला वयाची अट नाही, आणि सीईटीत चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. एवढ्या सवलती तर साडीच्या सेलमध्येही मिळत नाहीत.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे सासूबाईंना समजावायचा प्रयत्न मी केला.

"आई, माझ्या सत्रात जी मुलं बसली, त्यांतल्या शंभरामागे ८१ जणांना माझ्याइतके किंवा माझ्याहून कमी गुण आहेत. बस, एवढाच अर्थ."

"म्हणजे ८१ जण तुझ्या खाली?"

"साधारण तसंच."

"मग डोळे का पुसतेस?"

"वर १९ आहेत ना!"

"असू देत की. लग्नाच्या पंगतीला एवढी माणसं आपल्या आधी बसतातच."

पंगतीत निदान दुसऱ्या फेरीला जिलबी उरते. इथे हजारोंच्या गर्दीतले शंभरातले १९ म्हणजे एक आख्खं गाव माझ्या पुढे उभं आहे आणि त्या गावाला जायचंय पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजला. मलाही तिथेच जायचंय. १९२४ साली सुरू झालेलं कॉलेज, मागे टेकडी, आणि मुख्य म्हणजे आमच्या घरून चालत वीस मिनिटं. ज्या रस्त्याला त्या कॉलेजचं नाव पडलं, त्या रस्त्यावरून मी आयुष्यभर भाजी आणली. आत जायची वेळ आली तर ८१ आडवे आले. एवढ्यावर मिळेल असं जे कॉलेज नवऱ्याने शोधलं, ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. पदवी तीच मिळते, हे मान्य. पण बार कौन्सिलच्या नियमाने ७० टक्के हजेरी लागते आणि पीएमपीच्या बसच्या भरवशावर ७० टक्के हजेरी लावणं ही मला सीईटीपेक्षा अवघड परीक्षा वाटते.

मग परत बसावं, तर पहिली भीती अशी, की हे ८१ तरी माझे स्वतःचे किती? गुण कापत नाहीत म्हटल्यावर एकही प्रश्न मी कोरा सोडलेला नाही. शेवटच्या पाच मिनिटांत तर प्रश्न न वाचताच टिचक्या मारत सुटले. नवरा हिशोबनीस. तो म्हणाला, "चार पर्यायांत डोळे मिटून मारलं तरी चारातलं एक लागतं." माझी दोनात एक लागली असावीत. पुढच्या वर्षी नशिबाने फक्त आपला नेहमीचा भाव लावला, तर मी ७० वर येईन. आणि तेव्हा आजचे ८१ दाखवता येणार नाहीत, कारण इथला निकाल त्या वर्षापुरताच. अमेरिकेतल्या भाचीचं बरं आहे. तिकडच्या वकिलीच्या प्रवेश परीक्षेचा, एलसॅटचा, निकाल पाच वर्षं चालतो. त्यात वर १८० आणि खाली १२०, म्हणजे सगळं चुकलं तरी १२० पडतात. हे मी घरात बोलले नाही. मजल्यावर पुन्हा पेढे फिरले असते.

दुसरी भीती अभ्यासाची. चालू घडामोडी दरवर्षी नव्याने पाठ कराव्या लागतात, ते ठीक. पण कायदाही बदलावा? शेजारच्या मुलाने त्याचं जुनं गाइड मला प्रेमाने दिलं होतं, पानापानावर पिवळ्या पेनने रंगवलेलं. १८६० च्या दंड संहितेची कलमं त्यातून घोकली. नंतर कळलं, १ जुलै २०२४ पासून ती संहिताच गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली, म्हणजे ओझं कमी. पण खून ३०२ वरून १०३ वर गेला आणि नव्या ३०२ मध्ये धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारणं येऊन बसलंय. फसवणूक आता ३१८. उभ्या महाराष्ट्राने पिढ्यानपिढ्या ज्याला 'चारसोवीस' म्हणून शिव्या घातल्या, त्याला यापुढे 'तीनशेअठरा' म्हणायचं? शिवीत दमच राहत नाही. त्या पिवळ्या पानांतलं निम्मं आता मला विसरायचंय, आणि या वयात पाठ करण्यापेक्षा विसरणं अवघड जातं. निदान मुद्दाम ठरवून विसरणं तरी.

कॅपचा, म्हणजे सगळ्या कॉलेजांच्या एकत्रित प्रवेशाचा, अर्ज भरायची मुदत संपायच्या रात्री लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवून आम्ही तिघं बसलो. एक वर्ष थांबायचं का, हा प्रश्न.

"मी ८२ वर्षांची आहे," सासूबाई म्हणाल्या. "दावा माझ्या नावावर आहे. ही शिकून येईतो तीन वर्षं. त्यात आणखी एक घालवायचं?"

नवरा म्हणाला, "आई, दाव्याची काळजी करू नकोस. हिचं एलएलबी दोनदा होईल, तरी त्याचा निकाल लागायचा नाही."

सासूबाई थोडा वेळ अडकित्त्याशी चाळा करत बसल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"तुझं ते पर्सेंटाइल जज्जसाहेब विचारतात का गं?"

"नाही."

"मग भर अर्ज."

भरला. पहिल्या पसंतीला आयएलएसच टाकलंय. एकोणीस जणांचं गाव अचानक डॉक्टरकीला गेलं तर?